आम्ही आमच्याच होड्या फोडल्या

इंग्रजांनी आमचं बेट घेतलं तेव्हा धड लढाईसुद्धा झाली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी शौर्याची गोष्ट ऐकायच्या आशेने बसायला नको. सतराशे एक्क्याऐंशी साल, फेब्रुवारीची तीन तारीख, शनिवारची दुपार. बंदरासमोर त्यांची लढाऊ गलबतं येऊन उभी राहिली आणि किल्ल्यातल्या आमच्या डच गव्हर्नर साहेबांना चिठ्ठी आली, की तासाभरात बेट स्वाधीन करा. दोन देशांत युद्ध सुरू झालंय ही बातमीसुद्धा त्या चिठ्ठीतूनच कळली. साहेबांनी तास पुरा व्हायच्या आत बेट देऊन टाकलं. मी तेव्हा खाली धक्क्यावर सडकी लिंबं निवडून बाजूला टाकत होते.

संध्याकाळपर्यंत लाल डगलेवाले शिपाई वेस्ट इंडीजमधल्या आमच्या या स्टेशिया बेटावर सगळीकडे पसरले. वखारींना त्यांची कुलपं लागली, घरांच्या झडत्या झाल्या, लोकांच्या कोटांची अस्तरं उसवून पाहिली गेली. बंदरात उभी असलेली शंभरावर व्यापारी गलबतं एकाच दुपारी त्यांची झाली. एवढ्यावर कुणाचंही पोट भरलं असतं. त्यांचं भरलं नाही. त्यांनी किल्ल्यावरचा डच झेंडा तसाच फडकत ठेवला.

का ठेवला ते दुसऱ्या दिवशी कळलं. हॉलंडहून, डचांच्याच कुरासाओ बेटाहून निघालेल्या गलबतांना युद्धाचा पत्ता नव्हता. ती लांबून आपला झेंडा बघायची, तोफेची सलामी द्यायची, किल्ल्यातून उलट सलामी यायची आणि नांगर तळाला टेकायच्या आत लाल डगलेवाले डेकवर चढलेले असायचे. चोर निदान तोंड लपवतो. हे आमचंच तोंड लावून बसले होते. रोज सकाळी त्यांचे शिपाई तो झेंडा चढवायचे, वाऱ्याने काठीला गुंडाळला की जाऊन सोडवायचे. आमच्या स्वतःच्या शिपायांनी त्याची एवढी निगा कधी राखली नव्हती.

मी पीटरनेल, लिंबवाली. आम्ही बारा-पंधरा बायका होतो, सगळ्या काळ्या, काही मोकळ्या, काही मालकांच्या. गलबत आलं की आम्ही होड्या घेऊन त्याच्याकडे जायचो. लिंबं, शहाळी, कसावाच्या कंदाच्या भाकऱ्या, कधी बकऱ्याचं मटण. दोन महिने खारा मासा खाऊन आलेले खलाशी लिंबू सालासकट चावायचे. आमच्यात थोरली लुक्रीस मावशी. साठीची होती, वल्हं पुरुषापेक्षा बरं मारायची, आणि तिची जीभ वल्ह्यापेक्षा जोरात चालायची.

माझा नवरा कास्पर ‘सुसाना’ नावाच्या गलबताचं सुकाणू धरायचा. कप्तान फ्लोरिस म्हणून हॉलंडकडच्या झीलंडचा एक गोरा होता, भला माणूस, त्याचं ते गलबत. सप्टेंबरात गेले होते, फेब्रुवारीअखेर परतायचे होते. कास्पर जन्माने वरच्या गावातल्या एका व्यापाऱ्याचा गुलाम. अकरा वर्षं राबून त्याने स्वतःला सोडवून घेतलं होतं. गव्हर्नरची मोहोर असलेला तसा कागद होता त्याच्याकडे. समुद्रावर कागद भिजतो म्हणून तो माझ्यापाशी ठेवून जायचा, आणि मी तो मेणकापडात गुंडाळून परकराच्या आत शिवून टाकला होता.

आता माझा जीव कशात अडकला होता ते सांगते. पहिल्याच आठवड्यात कुरासाओचं एक गलबत फसलं. खलाशांना धक्क्यावर उतरवलं, गोरे एका बाजूला आणि काळे दुसऱ्या. गोऱ्यांची नावं लिहून घेतली. ते युद्धकैदी, आज ना उद्या सुटणार. काळ्यांचे दात बघितले. त्यांत बास्तियान नावाचा आचारी होता. त्याची आईसुद्धा मोकळी, तो जन्माचा मोकळा. तो तसं शांतपणे सांगत होता, पुन्हा पुन्हा. कारकुनाने त्याला लुटीच्या मालाच्या यादीत कोकोच्या पोत्यांच्या खाली लिहिलं. मी समोर उभी राहून पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मग आठवलं, ‘सुसाना’ यायची होती.

त्याच दिवशी लेफ्टनंट पेल याने आम्हा लिंबवाल्यांना धक्क्यावर बोलावलं. गुलाबी कातडीचा, सारखं नाक पुसणारा माणूस. बंदराचं काम त्याच्याकडे होतं.

“तुमच्या होड्या किनाऱ्यावर का?” त्याने विचारलं.

“गिऱ्हाईक कुठंय साहेब?” लुक्रीस मावशी म्हणाली. “होतं नव्हतं ते तुम्ही आत टाकलंत.”

“नवं गलबत आलं की रोजच्यासारखं जायचं. हसायचं, विकायचं. प्रत्येक होडीत माझा एक माणूस बसेल, साध्या कपड्यांत.”

“वल्हं मारेल का तो?”

“तुम्ही काय बोलता ते ऐकेल.”

“ऐकू दे बापडा. आमच्यात शिव्या फार असतात, लाजेल बिचारा.”

पेल हसला नाही. ज्या होडीतून इशाऱ्याचा एक शब्द जाईल ती होडी जाळू आणि बाईला खांबाला बांधू, एवढं बोलून तो निघून गेला. पोकळ धमकी नव्हती. गलबतांना इशारा म्हणून डोंगरावर धूर करायला गेलेल्या दोघांना तो आदल्याच दिवशी चाबकाने सोलून आला होता.

तर आम्ही गेलो. तीन गलबतांकडे गेलो. खलाशी वरून हात हलवत होते, “काय गं, कशी आहेस?” म्हणत होते, आणि मी हसत होते. माझ्या मागे तो साध्या कपड्यांतला शिपाई बसलेला. मी लिंबं विकली, माणसं विकली. आज इतक्या वर्षांनी हे सांगतानासुद्धा माझा मलाच राग येतो, आणि तो यायलाच हवा.

तिसऱ्या गलबतानंतर आम्ही वरच्या गावातल्या पाण्याच्या टाक्यापाशी जमलो. तिथे बायका घागरी भरतात, त्यामुळे कुणाला संशय नाही.

“मी आता जाणार नाही,” मी म्हणाले. “पुढचं गलबत ‘सुसाना’ असलं तर कास्परला हसून दाखवू मी?”

“नाही कशी जाशील? चाबूक बघितलास ना?” सिबिल म्हणाली. तिची होडी नवी होती, रंगसुद्धा वाळला नव्हता.

“होडीच नसली तर?”

घागर भरून वाहायला लागली तरी सिबिलने ती काढली नाही.

“सगळ्यांच्या फोडायच्या,” मी म्हणाले. “एकीची फुटली तर पकडतील. सगळ्यांच्या तळाला भोकं असली तर काय करतील? किडीने खाल्ल्या म्हणू. येणारा कप्तान बघेल, बंदर गलबतांनी भरलंय, वर झेंडा आहे आणि पाण्यात एकही होडी नाही. एक लिंबवाली नाही. असं कधी झालंय? तो घाबरेल आणि परत फिरेल.”

“आपल्याच पायावर धोंडा,” सिबिल पुटपुटली.

“पाय तुझा ठेव गं जपून,” लुक्रीस मावशी म्हणाली. “माझी होडी माझ्या दुसऱ्या नवऱ्याने बांधली. त्याने आयुष्यात केलेलं तेवढंच एक नीट काम. मी पहिली फोडते.”

असं कधी झालंय, असं मी विचारलं होतं. झालं होतं. दरवर्षी दोन-चारदा व्हायचं, आणि आम्हीच करायचो. पण त्या घटकेला आमच्यापैकी एकीलाही ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वाळूत होड्या उलट्या केल्या. पटाशी आणि दगड. डांबर भरलेल्या फटी उकरायच्या, मग फळी आतून दाबायची. होडीच्या तळाला भोक पाडायला माणसाला फार वेळ लागत नाही, बांधायला सहा महिने जातात. सिबिल रडत फोडत होती. मी रडले नाही, मला उलट बरं वाटत होतं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणावर तरी घाव घालायला मिळत होता, मग ती माझीच होडी का असेना.

पेल आला, त्याने एकेका होडीत वाकून बघितलं. तो मूर्ख नव्हता.

“किडीने खाल्ल्या,” लुक्रीस मावशी म्हणाली.

“सगळ्या? एका रात्रीत?”

“भुकेली असेल. तुमच्याबरोबर आली असेल.”

त्याने तिला तिथेच खांबाला बांधून बारा फटके मारवले. साठीच्या बाईला. आम्हाला रांगेत उभं करून बघायला लावलं. सोडल्यावर ती दोघींच्या खांद्यावर हात टाकून चालत गेली आणि वाटेत म्हणाली, “माझा पहिला नवरा याच्यापेक्षा बरा मारायचा.” घरी पोचल्यावर मात्र तिची शुद्ध हरपली. पेलने सुतार लावले आणि आठवड्याच्या आत होड्या पाण्यात पाहिजेत म्हणून हुकूम केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ‘सुसाना’ आली.

मी कड्यावरच्या वाटेत होते. तिचं पुढचं शीड गेल्या वादळात फाटल्यावर तांबड्या कापडाने शिवलेलं होतं, म्हणून मी तिला लांबूनच ओळखलं. दक्षिणेच्या टोकाला वळसा घालून ती आत आली, आणि मग थांबली. खरंच थांबली. तिने नाक वाऱ्यात घातलं, शिडं लटलट हलायला लागली, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. खाली धक्क्यावर शिपायांची धावपळ झाली. किल्ल्याच्या बुरुजावर कुणीतरी दुर्बीण लावून उभं होतं.

जा, मी म्हणत होते. वळ कास्पर, सुकाणू फिरव. बघ, पाणी रिकामं आहे. मी फोडलीय माझी होडी, बघ ना. पाव तास ती तशी उभी होती. त्या पाव तासात मी खूश होते. मला वाटलं, जिंकले.

मग तिच्या मागच्या काठीवरचा झेंडा हळूहळू खाली यायला लागला आणि निम्म्यावर थांबला. सगळ्यांत वरचं शीड उतरवलं गेलं. सलामीची तोफ वाजली नाही. आणि ‘सुसाना’ हळू, अगदी अदबीने, सरळ बंदरात यायला लागली.

तेव्हा मला कळलं. मी वाटेतच खाली बसले.

आमच्यात मयत झालं की माती होईपर्यंत एकही होडी पाण्यात जात नाही. दहा गलबतं येवोत की वीस, लिंबवाली जागची हलत नाही. किल्ल्यावरचा झेंडा आमच्यासाठी कधी खाली आलेला नाही. तो गव्हर्नरसाठी येतो, पाद्र्यासाठी येतो, मोठ्या व्यापाऱ्यासाठी येतो. काळी बाई मेली तर झेंडा वरच असतो, नुसतं पाणी रिकामं असतं. त्यामुळे झेंडा वर आणि पाणी रिकामं, याचा अर्थ स्टेशियाला येणाऱ्या प्रत्येक जुन्या माणसाला पाठ होता: लिंबवाल्यांच्या घरात कुणीतरी गेलं. जे कप्तान आम्हाला माणसं समजायचे ते त्या दिवशी तोफ उडवत नसत, आपला झेंडा निम्म्यावर आणत आणि गुपचूप येऊन नांगर टाकत. फ्लोरिस दरवेळी तसंच करायचा. म्हणून त्याला आम्ही रसाळ लिंबं वेगळी काढून ठेवायचो.

आणि हे आम्हाला आठवलं नाही. का नाही आठवलं? कारण मयत असलं की आम्ही किनाऱ्यावर असतो. घंटा वाजत असते, बायका रडत असतात, कुणी खड्डा खणत असतं. होड्या कुठे आहेत इकडे लक्ष कुणाचं असणार? आमचं रिकामं पाणी समुद्रावरून कसं दिसतं ते आम्ही जन्मात बघितलं नव्हतं. ते कास्परने बघितलं होतं, वीस वर्षं.

मी धावत खाली गेले तोवर त्यांना उतरवलं होतं. गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या. कास्पर काळ्यांत तिसरा, दोन्ही हात दोरीने बांधलेले, कपाळावर खोक. त्याने मला बघितलं आणि तो हसला. तोंडभर हसला. माझा नवरा त्यांच्या दोरीत बांधलेला होता आणि त्याचा चेहरा एखाद्या नवरदेवासारखा फुलला होता.

“तू आहेस,” तो म्हणाला. “अगं, तू आहेस.”

मी पुढे होऊन त्याच्या हातांची दोरी धरली.

“मग कोण गेलं?” त्याने विचारलं. “लुक्रीस मावशी? सांग ना, कोण गेलं?”

शिपायाने मला मागे ढकललं. त्याच वेळी गोऱ्यांच्या रांगेतून कप्तान फ्लोरिसला पुढे नेत होते. म्हातारा झाला होता तो एका सकाळीत. माझ्याजवळून जाताना तो थांबला.

“मी थांबलो होतो, पीटरनेल,” तो हळूच म्हणाला. “मला बरं दिसत नव्हतं. म्हटलं, बाहेरच राहू, उद्या बघू. कास्परने माझे पाय धरले. म्हणाला, माझी बायको लिंबवाली आहे कप्तान, मला आत्ता कळलंच पाहिजे. मी नाही म्हणू शकलो नाही गं.”

म्हणजे गलबत परत फिरतच होतं. माझ्या रिकाम्या पाण्याने ते अर्धं फिरवलंही होतं. आणि उरलेलं अर्धं माझ्या नवऱ्याने माझ्यावरच्या मायेने आत आणलं. तुम्ही सांगा, हा राग मी कुणावर काढायचा होता?

पेलवर काढला. परकर उसवून कागद काढला आणि वखारीतल्या त्याच्या टेबलावर ठेवला. इंग्रजी मला येत होती, स्टेशियावर कुणाला येत नाही?

“सुकाणूवाला कास्पर मोकळा माणूस आहे,” मी म्हणाले. “हा त्याचा कागद. ही मोहोर.”

त्याने कागद उचललासुद्धा नाही, मान तिरकी करून वाचला.

“ही गव्हर्नरची मोहोर. तो गव्हर्नर माझा कैदी आहे. त्याच्या मोहोरेला आता किंमत नाही. इथे डच राज्य नाही, बाई.”

“नाही?”

“नाही.”

“मग वर झेंडा कुणाचा आहे?”

तो नाक पुसायचा थांबला.

“डच राज्य असेल तर कागद खरा आहे, माझा नवरा सोडा,” मी म्हणाले. “डच राज्य नसेल तर तो झेंडा खोटा आहे, खाली उतरवा. एक काहीतरी करा. दोन्ही बाजूंनी खाऊ नका.”

टेबलाशी बसलेला कारकून खाली बघत होता. पेलने कागदाची घडी घातली, नीट घातली, आणि माझ्या हातात दिली.

“तो झेंडा गलबतांसाठी आहे,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी नाही.”

चोर तो चोर आणि वर शिरजोर. पण त्याचं ते वाक्य खरं होतं, आणि म्हणूनच ते अजून मला सलतं. तो झेंडा डचांच्या हातात होता तेव्हाही माझ्यासाठी कधी होता? माझी आई गेली तेव्हा तो तसूभर हलला नव्हता. हलत असता, तर त्या दिवशी तो वरच आहे हे बघून कास्परला कळलं असतं, की कुणी मेलेलं नाही आणि हा काहीतरी दुसराच घोळ आहे. अख्खं बेट गिळलेल्या इंग्रजांइतकाच मला त्या दिवशी आमच्या साहेबांचाही राग आला.

काळ्यांना साखरेच्या एका वखारीत कोंडलं होतं. मागच्या बाजूला फळ्यांत फट होती. दुपारी पहारेकरी जेवायला बसले तेव्हा मी तिथे गेले आणि कास्परला हाक मारली.

“कोण गेलं ते सांगितलं नाहीस,” तो म्हणाला.

“कुणी नाही गेलं. होड्या आम्ही फोडल्या. तुला परत पाठवायला.”

मग त्याने कपाळ फळीवर आपटलं, एकदाच.

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

“माझ्या.”

“वीस वर्षं मी ते पाणी वाचतोय, पीटरनेल. रिकामं म्हणजे मयत. पोरासोरांना कळतं.”

“मग तुला कळायला नको होतं? कप्तान थांबला होता ना? त्याचं ऐकायचं सोडून पाय कसले धरतोस?”

“तू मेलीस असं वाटलं मला.”

“मेले असते तर पुरलं असतं त्यांनी. तू येऊन काय करणार होतास?”

“तोंड बघितलं असतं तुझं, मूर्ख बाई.”

“मूर्ख तू.”

आमचं शेवटचं बोलणं हे असं. भांडण. जाऊन कुणाला सांगायचं? होड्या दुरुस्त होतायत, प्रत्येकीत शिपाई बसवतात, तेही मी त्याला सांगितलं. मग त्याचा आवाज बदलला. कामाचं बोलताना त्याचा आवाज तसा व्हायचा.

“ऐक. होड्या नीट करून देतायत ना? मग पाणी रिकामं ठेवू नका. सगळ्या जा, शिपाई घेऊन जा. गलबतापर्यंत जा आणि थांबू नका. त्याच्या बाजूने सरळ पुढे निघून जा. विकू नका, बघू नका, हाकेला ओ देऊ नका. लिंबवाली गिऱ्हाईक सोडून जाते म्हटल्यावर कुठलाही खलाशी टरकेल. होडीतल्या शिपायाला काय कळतंय, तुम्ही रोज कशा विकता ते?”

“अजून एक गलबत यायचंय म्हणतात, कुरासाओचं,” मी म्हणाले.

“मग त्याला सांगा,” कास्पर म्हणाला. पहारेकरी उठले आणि मला जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना इंग्रजांच्या अँटिग्वा बेटाला जाणाऱ्या गलबतात भरलं. मला धक्क्यावर जाऊ दिलं नाही. पुढे नोव्हेंबरात फ्रेंच आले, इंग्रज गेले. मी अँटिग्वाला दोनदा जाऊन विचारलं. एका मळ्यावर म्हणाले, असा एक होता, तो पुढे विकला. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं.

कास्परला नेल्यावर सहा दिवसांनी कुरासाओचं गलबत आलं. होड्या दुरुस्त झाल्या होत्या. लुक्रीस मावशीची पाठ अजून भरली नव्हती, तरी ती वल्ह्याला बसली आणि कुणी नको म्हटलं की शिवी द्यायची. माझ्या होडीत एक वांगाच्या तोंडाचा शिपाई बसला, सदरा कुणाचा तरी लुटलेला. लिंबाच्या पाट्या भरलेल्या होत्या. पेल धक्क्यावर उभा राहून समाधानाने बघत होता.

आम्ही गेलो. गलबताच्या दोन्ही अंगांनी आमच्या होड्या गेल्या. वरून खलाशी वाकले, एकाने टोपली दोरीला बांधून खाली सोडली. “ए लिंबवाली,” तो ओरडला, “अगं इकडे, इकडे.” मी मान वळवली नाही. सिबिल गेली, लुक्रीस मावशी गेली, एकामागून एक आम्ही सगळ्या त्या लोंबत्या टोपलीखालून पुढे गेलो.

“होडी थांबवत नाहीस का गलबताशी?” शिपायाने विचारलं.

“आधी पुढे जायचं, मग वळायचं,” मी म्हणाले. “रोजचंच आहे.”

“ए बये, बहिरी झालीस का?” वरचा ओरडला. मग त्याचा आवाज बंद झाला. मग डेकवर पावलं धावली, कुणीतरी डच भाषेत जोरात हुकूम दिला, दोर करकरले आणि शिडं एकदम भरली. ते गलबत इतकं झटकन वळलं की टोपली तशीच दोरीला भेलकांडत बाहेर गेली. किल्ल्यातून दोन तोफा सुटल्या आणि पाण्यात पडल्या. इंग्रजांचं एक गलबत पाठलागाला निघेपर्यंत ते टोकापलीकडे गेलं होतं. याबद्दल मला खांबाला बांधलं गेलं आणि आमच्या सगळ्या होड्या वाळूतच जाळल्या गेल्या.

पण ते संध्याकाळचं. त्या घटकेला मी वल्हं मारतच होते. शिपाई माझा खांदा धरून ओरडत होता, मागे लुक्रीस मावशी मोठमोठ्याने हसत होती, आणि मी थांबत नव्हते. एवढं सोपं होतं ते. नुसतं विकायचं नव्हतं. त्या गलबतावर तीसेक माणसं होती, आणि त्यांत माझं कुणीही नव्हतं.